मुद्देमाल म्हणून सांभाळलेला हात

माझ्या पुतण्याच्या उजव्या हाताचे नुकसान तिघांनी केले: तो ज्या जिनिंगमध्ये नोकरी करतो तिच्या मालकाने, त्या मालकाला विमा विकणाऱ्या कंपनीने, आणि मी. पहिल्या दोघांविरुद्ध मी आजवर सत्तेचाळीस पत्रे लिहिली आहेत. तिसऱ्याविरुद्ध हे पहिलेच.

पुतण्या परतूरच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर आहे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात चामड्याचे रोलर असतात आणि त्यांना भिडवून पोलादी पाते बसवलेले असते. पाते कागदाच्या जाडीइतके जरी सरकले तरी सरकी फुटते, तिची टरफले रुईत जातात आणि व्यापारी नाक मुरडतात. ते पाते नेमके बसवणे हे पुतण्याचे काम. त्यासाठी मापाची पट्टी तो वापरीत असे, परंतु अंतिम निकाल त्याची बोटे देत. माझा भाऊ अकाली गेल्यामुळे हा मुलगा माझ्या घरी वाढला. त्याने न्यायालयात कारकून व्हावे अशी माझी इच्छा होती, त्याने पाना हाती घेतला, आणि या विषयावर आमचे मतभेद वीस वर्षे प्रलंबित आहेत.

मी स्वतः न्यायालयात नाझर होतो. बेलिफांवर देखरेख ठेवणे आणि खटल्यांतला मुद्देमाल सांभाळणे ही माझी दोन मुख्य कामे. चोरीची भांडी, भांडणातल्या कुऱ्हाडी, बनावट शिक्के, सारे माझ्या कुलपात असे. मुद्देमालाचा नियम एकच: वस्तू ज्या स्थितीत जप्त झाली त्याच स्थितीत निकालापर्यंत राहिली पाहिजे. चोरीच्या एका सायकलीची चाके बसली म्हणून त्यांत हवा भरणाऱ्या शिपायाला मी लेखी ताकीद दिली होती. त्या ताकिदीचा मला निवृत्तीनंतरही अभिमान वाटत असे. हे सांगण्याचे कारण पुढे येईल, आणि ते मला भूषणावह नाही.

हंगाम संपत आला असताना पुतण्या एका यंत्राचा पट्टा चढवीत होता. यंत्र बंद आहे असे त्याने ओरडून सांगितले होते. पलीकडच्या माणसाने 'चालू' असे ऐकले की काहीच ऐकले नाही, हे चौकशीत आजही निष्पन्न झालेले नाही. बटण दाबले गेले. पट्टा आणि चाक यांच्यामध्ये तळहात सापडला. दोन बोटांची हाडे मोडली आणि बोटे वळवणाऱ्या शिरा तुटल्या. जालन्याच्या एका खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "हात वाचला." घरच्यांनी देवाचे नाव घेतले. मी वही काढली.

कायदा मला पाठ होता. कापसाचे जिनिंग हा हंगामी कारखाना मानला जात असल्यामुळे कामगारांच्या सरकारी विम्याचे छत्र त्याला नाही. म्हणून भरपाईची जबाबदारी मालकाची, आणि मालकाने ती एका विमा कंपनीकडे सोपवलेली. भरपाई ठरते ती कमावण्याची क्षमता किती टक्के गेली यावर. टक्के ठरवणार डॉक्टर. डॉक्टर ठरवणार हात बघून. तेव्हा हात हाच या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा, या निष्कर्षापर्यंत मी दवाखान्याच्या जिन्यातच पोचलो होतो.

आमच्याकडे कोणी जायबंदी झाला की भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते. तीर्थपुरीहून भावकी आली, वडीगोद्रीहून पुतण्याचे सासरे आले. प्रत्येकाने बिस्किटांचा पुडा आणला आणि प्रत्येकाने एकच उपदेश केला, की हात हलवू नको. सासऱ्यांचे हमरस्त्यावर टायरचे दुकान आहे. ट्रकवाल्यांच्या सहवासामुळे अपघात या विषयात ते स्वतःला तज्ज्ञ समजतात.

"जावईबापू, बिलकुल हालवू नका," ते म्हणाले. "आमच्या दुकानावर एक डायवर यायचा. पाय मोडल्ता त्याचा. एक दिवस चहाच्या टपरीवर लंगडायचं इसरला. विम्यावाल्यानं मोबाइलवर फोटू काढला. झालं! केस गेली."

"अन् पाय?" सुनेने, म्हणजे पुतण्याच्या बायकोने, विचारले.

"पाय काय, बरा हाय की. पण केस गेली ना!"

कायद्याची चाड असलेल्या माणसाने या गृहस्थांना त्याच क्षणी बिस्किटांसह वडीगोद्रीच्या गाडीत बसवायला हवे होते. मी मात्र त्यांच्या अडाणी सल्ल्याला शास्त्रशुद्ध भाषा दिली. मी पुतण्याला सांगितले, "हा हात आता तुझा एकट्याचा नाही, तो या प्रकरणातला मुद्देमाल आहे. निकाल लागेपर्यंत तो आहे त्या स्थितीत राहिला पाहिजे." पुतण्याने लहानपणापासून माझी आज्ञा मोडली ती फक्त नोकरीच्या बाबतीत. त्याने हात गळ्यातल्या झोळीत ठेवला आणि ठेवूनच दिला. टाके निघाले, प्लास्टर निघाले, तरी झोळी निघाली नाही. पेला सून उचलून ओठाला लावी. भाकरी तीच चुरून देई.

दवाखान्यातून घरी सोडताना दिलेल्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिले होते की बोटांचा व्यायाम ताबडतोब आणि नियमित करावा. ती ओळ मी वाचली नव्हती असे नाही. मी तीन वेळा वाचली, तिच्याखाली रेघ मारली, आणि 'खर्चाची बाब' असा शेरा मारून विमा कंपनीला पत्र लिहिले: सदर व्यायामाच्या खर्चास पूर्वमंजुरी मिळावी. मंजुरीशिवाय व्यायाम सुरू केल्यास कंपनी उद्या हरकत घेईल अशी मला साधार भीती होती. म्हणून आम्ही उत्तराची वाट पाहिली. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र धाडले. मग दुसरे. मग तिसरे, पोचपावतीसह. मी रोज दुपारी टपालवाल्याची वाट बघत होतो आणि पुतण्याची बोटे रोज थोडी थोडी लाकडाची होत होती.

उत्तर आले तेव्हा वैशाख संपत आला होता. त्यात म्हटले होते की व्यायामाचा खर्च पॉलिसीच्या अटींत बसत नाही. मात्र अंतिम व कायमचे अपंगत्व निश्चित झाल्यावर कंपनी दाव्याचा सहानुभूतीपूर्वक विचार करील. म्हणजे खळ्यावर ठिणगी पडली असता पाण्याची बादली द्यायची नाही, परंतु कडब्याची गंज पूर्ण जळाल्यावर राख मोजायला माणूस पाठवायचा, आणि तोही सहानुभूतीपूर्वक! मी संतापाने कागद घेतला आणि पाचव्या पत्राचा मसुदा सुनेला मोठ्याने वाचून दाखवू लागलो.

ती भांडी विसळत होती. दुसऱ्या परिच्छेदाला तिने हात पुसले.

"काका, एक बोलू का?"

"बोल."

"काल यांच्या हातात बळंच पोराचा चेंडू दिला. पडला. धरताच न्हाई आला. तुमची केस चालून राह्यली, अन् यांचा हात चाललाय. टक्के आल्यावर मी ते टक्के यांच्या हातात देऊ तरी कशी?"

पुतण्या भिंतीकडे बघत होता. मी त्याला हात उघडून दाखवायला सांगितले. बोटे अर्ध्यावर अडकली आणि तिथेच थांबली. मुद्देमाल मी उत्तम सांभाळला होता. फक्त तो जप्त झाला तेव्हाच्या स्थितीत राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही जालन्याला गेलो. हातांचा व्यायाम करवून घेणाऱ्या डॉक्टर मुलीचे वय माझ्या वयाच्या निम्मे असेल. तिने बोटे एकेक करून वाकवून बघितली, पुतण्या कळवळला, आणि तिने माझ्याकडे वळून विचारले, "शस्त्रक्रियेला किती दिवस झाले?"

मी तारखेसह सांगितले.

"आणि आज आणताय? काका, तुम्ही शिकलेले दिसता. कागदावर लिहिलेलं नव्हतं का?"

"लिहिलेले होते. मी विमा कंपनीकडे मंजुरी मागितली होती."

"बोटं वाकवायला?"

न्यायालयात मी भल्याभल्या वकिलांचे उलटतपास ऐकले आहेत. इतका छोटा प्रश्न इतक्या खोल गेलेला मला आठवत नाही. तिने पुढे सांगितले की शिरा शिवलेल्या असल्या तरी न हलवल्यास आसपासच्या मांसाला चिकटतात. आता सोडवायला वेळ लागेल, दुखेल, आणि पूर्ण सुटतील याची हमी ती देणार नाही. "करंगळीजवळचं बोट बहुतेक तळहाताला टेकणार नाही," ती म्हणाली. "बाकीची मी आणते. पण रोज करायचं. आणि काम काय करतात हे?"

पुतण्याने पहिल्यांदाच तोंड उघडले. जिनमधले पाते, रोलर, अंतर, सगळे त्याने डाव्या हाताने हवेत काढून दाखवले.

"मग त्या कामावरच लवकर जा," ती म्हणाली. "पूर्ण नको. रोज एकदोन तास. जड उचलायचं नाही. माझ्या खोलीतल्या मेणाच्या शेकापेक्षा तुमच्या हाताला तुमचं यंत्र लवकर शिकवील."

त्याच दिवशी मी पुतण्याला घेऊन विमा कंपनीच्या जालन्याच्या कचेरीत गेलो. अधिकारी सभ्य होते. त्यांनी पंखा आमच्या बाजूला वळवला. मी म्हणालो, "तुम्ही आज याच्या व्यायामाचे पैसे द्या, उद्या तुम्हालाच टक्के कमी द्यावे लागतील. हा माझ्या पुतण्याचा लाभ आहे, मालकाचा आहे आणि तुमचाही आहे. मी तुमच्या फायद्याची मागणी करण्यासाठी आलो आहे."

"काका, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आमच्या सिस्टीममध्ये तसं सदरच नाही."

"कोणकोणती सदरे आहेत?"

"मृत्यू. कायमचं अपंगत्व. तात्पुरतं अपंगत्व."

"आणि बरा झाला तर?"

त्यांनी संगणकाकडे खरोखर बघितले. "ते... ते सदर नाही. तेव्हा फाइल बंद करतो आम्ही."

परतूरला आल्यावर जिनिंगचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, त्यांच्या गादीवर गेलो. शेठ मनाने वाईट नाहीत. अपघाताच्या दिवशी स्वतःच्या गाडीतून त्यांनी पुतण्याला जालन्याला पोचवले होते, आणि त्या गाडीच्या बैठकीवरचे डाग त्यांनी मला दोनदा दाखवले आहेत.

"या, वकीलसाहेब," ते म्हणाले. मी वकील नाही हे त्यांना ठाऊक आहे. "आज कोनतं कलम आणलं?"

मी हलक्या कामाची मागणी केली. रोज दोन तास, यंत्रे बंद असताना, देखभालीचे.

"काका, आमच्या धंद्यात हलकी एकच चीज असते, रुई. बाकी सगळं जड." ते पुतण्याकडे वळले. "तू आराम कर ना. पूर्न बराबर हो, डॉक्टरचं फिटनेस आन, अन् ये. जागा कुठं पळून चालली? अर्ध्या हातानं आलास, परत काही झालं, तर हे काका मला तुरुंगात टाकतील."

"शेठ, मी काम केल्याबिगर बराबर होनार न्हाई," पुतण्या म्हणाला.

"अन् मी बराबर झाल्याबिगर काम देनार न्हाई. मंग?"

मग काहीच नाही. विमा कंपनी म्हणे, पूर्ण बिघडल्यावर या. शेठ म्हणत, पूर्ण सुधारल्यावर या. मधल्या काळात माणसाने कुठे राहायचे याची तरतूद कोणाच्याच कागदात नव्हती. दोघेही आपापल्या परीने आपला खर्च वाचवीत होते, आणि दोघांचाही खर्च त्या झोळीबरोबर रोज वाढत होता. हे मी दोघांनाही लेखी कळवले. दोघांकडूनही पोच आली.

व्यायाम मात्र आम्ही खिशातून सुरू केला. आठवड्यातून तीनदा जालना, बाकीचे दिवस घरी. कोमट पाण्यात हात बुडवायचा, मळलेल्या कणकेचा गोळा दाबायचा, परातीतली सरकी एकेक करून वाटीत टाकायची. सरकी ही पुतण्याची कल्पना. डॉक्टरबाईंनी राजमा सांगितला होता. पहिल्या दिवशी एका तासात त्याने अकरा दाणे उचलले आणि वाटी लाथाडली. सून ते दाणे गोळा करून पुन्हा परातीत टाकीत म्हणाली, "आता बारावा." मी दाराशी बसून पत्रे लिहीत असे. एका दुपारी मी मोठ्याने कण्हणे ऐकून आत गेलो तर पुतण्या स्वतःच डाव्या हाताने उजव्याची बोटे दाबून खाली आणीत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मी म्हणालो, "आज पुरे." तो म्हणाला, "काका, तुम्ही बाहेर बसा." मी बाहेर बसलो.

त्या काळात सासरे एकदा आले, परात पाहून हादरले आणि त्यांनी मला बाजूला घेतले. "काका, खिडकी तरी लावून घेत जा. कोनी फोटू काढंल."

"काढू द्या," मी म्हणालो. "मीच त्याला चहा पाजीन."

दसऱ्यानंतर जिनिंगचा मुहूर्त झाला. पहिल्या गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, बाहेरगावाहून आणलेल्या नव्या फिटरने यंत्रे चालू केली, आणि चौथ्या दिवशी शेठ आमच्या दारात उभे राहिले. चार यंत्रांतून सरकी फुटून येत होती. व्यापाऱ्याने मूठभर रुई विस्कटून, टरफले वेचून शेठच्याच तळहातावर ठेवली होती.

"नुसता चल," शेठ पुतण्याला म्हणाले. "हात लावू नको. खुर्चीवर बस, अन् त्या फिटरला सांग काय करायचं ते."

पुतण्याने चपला घालायला सुरुवात केलीही होती. मी त्याला थांबवले. आत जाऊन माझ्या आयुष्यातला सर्वांत लहान मसुदा लिहिला: रोज दोन तास, पुढे डॉक्टर वाढवतील तसे, जड उचलणे नाही, चालू यंत्राजवळ जाणे नाही, यंत्र बंद करून त्याच्या बटणाला कुलूप, आणि किल्ली पुतण्याच्या खिशात. शेठने न वाचता सही केली. मी त्यांना वाचायला लावले. कुलपाच्या ओळीवर ते थबकले.

"कुलूप कशाला?"

"ते आधी असते तर खुर्चीची गरज पडली नसती."

त्यांनी खाली बघितले आणि पुन्हा सही केली.

पहिले दोन दिवस पुतण्या खुर्चीवर बसून सांगत राहिला. तिसऱ्या दिवशी तो उठला, बंद यंत्रापाशी गेला आणि पात्यावर अंगठा व पहिले बोट ठेवले. नव्या फिटरने मला हे नंतर सांगितले. चारही यंत्रे आठवड्यात सुरळीत झाली. दोनाचे तीन तास झाले, तीनाचे चार. डॉक्टरबाईंनी मोजमाप घेतले आणि त्याला विचारले, "घरी काय नवीन करताय?" शेठ आता बाजारात सांगत फिरतात की आमच्याकडे जखमी कामगाराला घरच्यासारखे सांभाळतात, आम्ही त्याला पहिल्या दिवसापासून हलके काम दिले. 'पहिल्या दिवसापासून' या शब्दांबद्दल मी त्यांना खुलासा मागणारे पत्र दिले आहे.

दिवाळीनंतर टक्के ठरवण्याच्या तपासणीची तारीख आली. जालन्याच्या गाडीत पुतण्या माझ्यासमोर बसला होता. सासऱ्यांचा सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला होता: डॉक्टरसमोर हात सैल सोडायचा, मूठ अर्ध्यावर थांबवायची, कामाचे नाव काढायचे नाही. रांजणी मागे पडल्यावर पुतण्याने विचारले, "काका, काय करायचं? तुम्ही सांगाल तसं."

मला उत्तर येत होते. आयुष्यभर मी साक्षीदारांना पिंजऱ्याकडे जाताना बघितले आहे. काय विसरायचे ते त्यांना कोण, कुठल्या कोपऱ्यात सांगते, हेही. भरपाई त्याच्या हक्काची होती. तिच्यातला प्रत्येक टक्का मालकाने आणि कंपनीने आपल्या हेकटपणाने जणू स्वतःहून देऊ केला होता. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "डॉक्टर सांगतील तसे कर."

तपासणारे डॉक्टर घाईत होते. "मूठ वळा," ते म्हणाले.

पुतण्याने एकदा माझ्याकडे बघितले आणि मूठ वळली. सगळा जीव लावून वळली. तीन बोटे तळहाताला टेकली. करंगळीजवळचे बोट टेकले नाही. त्याने ते डाव्या हाताने ढकलून बघितले, तरी टेकले नाही. त्याला वाईट वाटले हे मला दिसले.

"कामावर जाता?" डॉक्टरांनी कागदावरची नजर न काढता विचारले.

"जातो की. चार तास. आजबी दुपारच्या गाडीनं जायचंय."

डॉक्टरांनी आकडा लिहिला. तो सासऱ्यांच्या अपेक्षेच्या निम्माही नव्हता. त्यांनी वडीगोद्रीहून फोनवर मला विचारले, "असं कसं झालं हो काका?" मी म्हणालो की हात जेवढा गेला होता तेवढाच मोजला गेला. ते हळहळले.

विमा कंपनीने पुढच्याच आठवड्यात प्रकरण निकाली काढले. सभ्य अधिकाऱ्यांनी आवर्जून फोन केला. "अभिनंदन काका. आमचंही बरंच वाचलं." मी म्हणालो, "तुमचे जे वाचले त्यातून व्यायामाचा खर्च द्या, आणि तुमच्या त्या तीन सदरांखाली चौथे घाला." ते म्हणाले, लेखी कळवा.

लेखी कळवतो आहे. त्या बोटाची हकीकतही त्यात घातली आहे: पूर्वमंजुरीची वाट पाहण्यात गेलेले आठवडे, आणि ती वाट पाहायला लावणारा नाझर, असे स्पष्ट लिहिले आहे. अठ्ठेचाळिसाव्या पत्राचा मसुदा काल दुपारी पूर्ण झाला. तो पुतण्याला वाचून दाखवावा म्हणून मी त्याला हाक मारली. सून आतून म्हणाली, "ते कधीचेच गेले, काका. आजपास्नं पूर्न पाळी हाय त्यांची."